थिनरचा वास आणि नॉर्मल रिपोर्ट
दादा भोसरीत स्प्रे पेंटिंग करतो, घरी आला की शर्टाला थिनरचा वास, डोकं जड, परवा तर जेवताना हातातला घास थरथरत होता. रविवारी लॅबमध्ये नेलं, सीबीसी, लिव्हर सगळं नॉर्मल, आई म्हणाली सुटलो बाबा. पण मला चैन पडेना. थिनरमधलं टोल्युइन नावाचं रसायन रक्तातून काही तासांतच बरंचसं निघून जातं, मग सुट्टीच्या दिवशी रक्त देऊन काय सापडणार? आणि सीबीसीत ते मोजतच नाहीत, वेगळं सांगावं लागतं. शिफ्ट संपल्या संपल्या लघवी दिली तर त्यात टोल्युइनपासून शरीरात बनणारं ऑर्थो-क्रेसॉल बघतात. तसंच बनणारं हिप्युरिक अ‍ॅसिडही बघतात, पण ते सोडियम बेंझोएट घातलेल्या कोल्ड्रिंकनेसुद्धा वाढतं. आता शुक्रवारी शिफ्ट सुटली की गेटवरूनच त्याला घेऊन जाणारे.