आमची वाटचाल: जुन्या सायकली आणि त्यांचे चोरून जपलेले लाड

पुण्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुनी रॅले, बीएसए किंवा हंबर घेऊन येणारी मंडळी सायकलीबद्दल भरभरून बोलतात. फक्त एक-दोन गोष्टी आवाज खाली आणून सांगतात. ब्रुक्सच्या सीटला दर रविवारी खोबरेल चोळलं जातं. लुकासच्या रॉकेलच्या दिव्यात एलईडी बसवलेला असतो. पायडल इंग्लिश नसून लुधियानाचे असतात. गंज निघावा म्हणून आख्खा मडगार्ड चिंचेच्या पाण्यात घातलेला असतो. जाणकारांना हे कळलं तर काय म्हणतील, ही धास्ती प्रत्येकाला असते. आमचा व्यवसाय या कबुल्या ऐकत, तपासत आणि त्यांतून शिकतच उभा राहिला.

सुरुवात इतर कुठल्याही सायकल दुकानासारखीच होती: पंक्चर, आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), वर्षाचं ओव्हरऑइल. जुन्या इंग्लिश सायकली आणि त्यांच्या जोडीनं आसनसोलची सेन-रॅले, अंबत्तूरची हर्क्युलस, मुंबईची हिंद अशा देशी गाड्या कोपऱ्यात पडून असायच्या, कारण त्यांना वेळ लागतो. आज कोपरा नाही, सगळं दुकानच त्यांचं आहे. या प्रवासात आम्ही एकच प्रश्न पक्का केला: केलेलं काम उलटं फिरवता येतं का? येत असेल तर तो लाड खुशाल करावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. येत नसेल तर गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, आम्ही आधी थांबवतो.

या प्रश्नावर सर्वांत आधी नापास होते ती खोबरेलाची सवय. ब्रुक्सची सीट म्हणजे पुढच्या नाकापासून मागच्या पत्र्यापर्यंत ताणून रिव्हेटांनी बसवलेलं जाड कातडं. त्याखाली आधार काहीच नसतो, कातड्याचा ताण हाच आधार. पातळ तेल आत मुरलं की तंतू सैल पडतात, सीट झोळीसारखी लोंबते. मग नाकाखालचा बोल्ट आवळला जातो, कातडं आणखी ताणतं, आणि शेवटी रिव्हेटापाशी फाटतं. मुरलेलं तेल परत काढता येत नाही. कातडं कोरडं आणि कडक वाटत असेल तर मेणाचं प्रमाण जास्त असलेलं ड्रेसिंग बोटावर वाटाण्याएवढं घ्यावं, वरून पातळ चोळावं, रात्रभर ठेवून सकाळी सुती फडक्यानं पुसावं. पुण्याच्या हवेत वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. पावसाळ्याआधी खालच्या बाजूलाही लावावं, कारण मडगार्ड तुटका असेल तर पाणी खालूनच उडतं. बोल्ट एका वेळी पाव फेराच फिरवावा, आणि तोही सीट खरोखर लोंबली असेल तरच. आधीच झोळी झालेली सीट वाचवायला आम्ही दोन्ही बाजूंच्या खालच्या कडेला तीन-चार भोकं पाडून खालून वादीनं आवळतो. भोकं कायमची राहतात हे खरं. पण फाटण्याच्या बेतात आलेल्या सीटसाठी एवढं आम्हाला मान्य आहे.

गंजाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. घरोघरी चालणारा सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद. चुरगाळून, साध्या पाण्यात बुडवून क्रोमवर घासला की वरवरचा गंज निघतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडा उमटत नाही. नंतर लगेच कोरडं करून मेणाचा पातळ हात द्यावा, कारण क्रोममधली बारीक छिद्रं उघडीच असतात आणि गंज तिथूनच परत येतो.

मात्र आधी पाहावं की समोर क्रोम आहे की निकेल. साधारण १९३० पर्यंतच्या सायकलींवर निकेलचा मुलामा असतो, त्याची झाक किंचित पिवळसर आणि उबदार. क्रोमची झाक निळसर आणि थंड. निकेल मऊ असतं, त्यावर जोर लावू नये. सुरुवातीच्या काळात आम्ही निकेलची हँडलं क्रोम करून देत होतो आणि लोक खूष होऊन नेत. तसं करणं चूक होतं, कारण मुलामा देणारा आधी जुनं निकेल उतरवतो, मग बफिंग करतो, आणि त्यात पत्रा झिजून कोरलेली अक्षरं पुसट होतात. आता निकेलचे भाग आम्ही मंदच ठेवतो. आणि ज्यांना तो मंदपणाच आवडतो, जे मुद्दाम वर्षभर पॉलिश लावत नाहीत, त्यांना आम्ही आळशी म्हणणार नाही. त्यांची नजर चांगली आहे.

चिंचेचं पाणी पितळी घंटीसाठी उत्तम, लोखंडासाठी नाही. लोखंडाचा खोल गंज काढायला आम्ही ऑक्झॅलिक ॲसिड वापरतो: एक लिटर थंड पाण्याला साधारण तीस ग्रॅम पूड, प्लास्टिकच्या टबात. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवी, हे विष आहे. दर तीन-चार तासांनी भाग वर काढून पाहायचा. विसरून दोन दिवस ठेवला तर पृष्ठभागावर पिवळट थर चढतो आणि तो काढणं गंज काढण्यापेक्षा किचकट. बाहेर काढल्यावर धुवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून फिरवायचं, परत धुवायचं, उन्हात किंवा गरम हवेनं लगेच सुकवायचं आणि तेलाचा हात द्यायचा. ॲल्युमिनियमचे भाग आणि जस्ताचा मुलामा असलेले आरे या टबात घालू नयेत, मुलामा उतरतो. सीटच्या स्प्रिंगा, छर्रे आणि छर्रे ज्यांवर फिरतात ते कोनही नाहीत, कारण कडक केलेलं पोलाद आम्लात ठिसूळ होऊ शकतं. गंजाखाली दडलेल्या सोनेरी रेघा किंवा ट्रान्सफर (चिकटवलेली नक्षी-अक्षरं) असतील तर आधी बॉटमच्या, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीच्या, खालच्या बाजूला ओल्या बोळ्यानं तपासावं.

रंगाबद्दल आमचं मत कडक आहे. मूळ एनॅमल निम्मं जरी शिल्लक असेल तर रंगवू नका. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण त्याचा जाड थर लगच्या, म्हणजे फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या तुकड्यांच्या, कडा बुजवतो, फ्रेमचा नंबर भरून टाकतो आणि आट्यांत शिरतो. नंबर गेला की सायकलीचं वय ठरवायचा एक धागा गेला. त्याऐवजी पातळ तेलात जरासं ओलं केलेलं मऊ सुती फडकं फ्रेमवरून फिरवावं, धूळ उचलावी, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसावं. सोनेरी रेघांवर घासू नये. त्या पुष्कळदा रंगावर नुसत्या ओढलेल्या असतात, वर वार्निश नसतं, आणि दोन-चार सणांच्या साफसफाईत नाहीशा होतात. गंजाचे डाग, मुठीपाशी झिजलेला रंग, नळ्याला चिकटलेला नगरपालिकेच्या सायकल-कराचा जुना बिल्ला हे सगळं तसंच राहू द्यावं. असे बिल्ले जमवणारी मंडळी आमच्याकडे येतात. सायकलीवरून बिल्ला काढून डब्यात ठेवू नका, एवढंच आम्ही त्यांना सांगतो. सायकलीशिवाय तो नुसता पत्रा आहे.

आता बॉटम. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. बहुतेक इंग्लिश सायकलींच्या बॉटमला १ ३/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ आटे असतात. रॅलेनं मात्र वर्षानुवर्षं स्वतःचे २६ आटे ठेवले, आणि अशा बॉटमची नळी बहुधा ७१ किंवा ७६ मिलिमीटर रुंद असते, तर नेहमीची ६८ असते. डोळ्यांना फरक दिसत नाही. बाजारातला २४ आट्यांचा कप (छर्रे धरणारी वाटी) दोन फेरे सहज जातो, मग जड लागतो. तिथे मेकॅनिक लांब पान्हा लावतो आणि फ्रेमचे आटे कायमचे जातात. म्हणून नियम असा: हातानं तीन-चार फेरे बसला नाही तर कप बाहेर. आधी नळीची रुंदी कॅलिपरनं मोजावी आणि आटे पिच गेजनं पाहावेत. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरच्या कोनाचीही तीच गत, तिथेही रॅलेचे २६ आणि इतरांचे २४. त्यामुळे भंगारात आलेल्या प्रत्येक मोडक्या रॅलेचे कप, कोन आणि लॉक-रिंग आम्ही काढून ठेवतो. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एका कपासाठी आख्खी गंजकी सायकल विकत घेणाऱ्यांना घरचे वेडे म्हणतात. आम्हाला ती खरेदी अगदी शहाणपणाची वाटते.

छर्रे मात्र नवे घालायला कुणी संकोच करू नये. बॉटमला पाव इंची अकरा-अकरा, मागच्या हबला पाव इंची नऊ-नऊ, पुढच्या हबला ३/१६ इंची दहा-दहा. एक बिघडला तर सगळे बदलावेत. जुन्यांमध्ये एक नवा मिसळला की तो किंचित मोठा असतो, सगळा भार तोच घेतो आणि कोनावर खड्डा पडतो.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक दांड्यावर घट्ट धरणारी उतरती खुंटी, काढताना हातोडीचा मोह सगळ्यांना होतो आणि पिन वाकते. आदल्या रात्री सुटणारं तेल सोडावं. नट पिनच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करावा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली पोकळ पाइपाचा टेकू जमिनीपर्यंत द्यावा, नाहीतर घाव छर्ऱ्यांवर जातो. मग एकच ठाम घाव. नवी पिन बसवताना तिचा उतार कानशीनं जुळवावा लागतो आणि दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसवाव्या लागतात, तरच क्रँक एका रेषेत येतात. नट आवळून पिन आत ओढू नये, ती ठोकून किंवा प्रेसनं बसवावी, नट फक्त धरून ठेवायला असतो. वीस-तीस किलोमीटर चालवून परत आवळावा. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येत असेल तर पिन बहुधा मऊ लोखंडाची आहे.

स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबबाबत एक सवय फार पसरलेली आहे: आत ग्रीस भरणं. एकदा भरलं की वर्षभर बघायला नको, असा हिशेब. ग्रीस पॉलच्या (आतल्या छोट्या खटक्यांच्या) मागे साचतं, बारीक स्प्रिंगा त्याला ढकलू शकत नाहीत आणि गिअर घसरतो. ग्रीस फक्त दोन टोकांच्या छर्ऱ्यांना. आत तेलच हवं, हबच्या छोट्या टोपीतून: कोरड्या हबला एक चहाचा चमचा, नंतर महिन्याला काही थेंब. एसएई ३० जाडीचं तेल चालतं. शिवणयंत्राचं तेल फारच पातळ, ते गळून आऱ्यांवर येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये या हबला एक मोकळी जागा असते. केबल जराशी चुकली की उभं राहून जोर देताना पाय एकदम रिकामा जातो आणि चालवणारा नळ्यावर आदळतो. जुळवायचं असं: दुसरा गिअर टाकायचा, उजव्या नटाच्या खिडकीतून पाहायचं, केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट दिसलं पाहिजे. हबवर कोरलेला आकडा वर्ष सांगतो, पण ते हबचं वर्ष. चाक बदललेलं असू शकतं.

हबमध्येच डायनामो असेल तर चुंबक आणि गुंडाळी कधीही उघडी वेगळी करू नये. चुंबकाला आधी लोखंडी कडं मिळालं पाहिजे, नाहीतर त्याचा जोर उतरतो आणि दिवा पुन्हा पूर्वीसारखा लागत नाही. दिव्यातल्या एलईडीला मात्र आमचा पाठिंबा आहे. अट एवढीच की भोक पाडायचं नाही, बर्नर काढून त्याच जागी स्प्रिंगच्या पकडीत बसवायचा, पिवळट उजेडाचा घ्यायचा आणि बर्नर जपून ठेवायचा. आतल्या आरशावर चांदीचा अगदी पातळ मुलामा असतो. पॉलिशनं तो दोन वेळांत संपतो, नुसत्या साबणाच्या पाण्यानं धुवावा. कार्बाइडचा दिवा पेटवणाऱ्यांचा आनंद आम्हाला कळतो, त्या पांढऱ्या ज्योतीला तोड नाही. पण कार्बाइड आम्ही पुरवत नाही, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त साठवायला त्याला परवाना लागतो. दिवा दुरुस्त करताना रबरी नळीच्या जागी तांब्याची नळी कधीही घालत नाही: ॲसिटिलीन आणि तांबं मिळून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं.

रॉड ब्रेक न लागण्याचं कारण बहुधा रबरात नसतं. या ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला वर ओढले जातात, म्हणून चाकाचा डावा-उजवा आउट थोडा चालतो, पण वर-खाली आउट असेल तर ब्रेक एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल. आरे पुढे ३२ आणि मागे ४०, ही जुनी इंग्लिश पद्धत आपल्या देशी गाड्यांतही टिकली. म्हणून २८ x १ १/२ ची नवी देशी रिम जुन्या इंग्लिश हबवर बसते, आणि ती बसवायला आम्ही आनंदानं हो म्हणतो. मूळ रिम दोरीनं बांधून मालकाच्या घरी पाठवतो.

प्रत्येक सायकलीबरोबर एक तक्ता जातो: कोणता भाग मूळ, कोणता बदलला, कोणत्या मापाचा घातला, आट्यांची संख्या किती, तेल कोणतं. काढलेला प्रत्येक भाग, अगदी वाकलेली कॉटर पिनसुद्धा, तेल लावून, चिठ्ठी बांधून कापडी पिशवीत परत दिला जातो. ती पिशवी सीटखालच्या हत्यारांच्या पाकिटात मावत नाही, म्हणून ती घरी कोरड्या जागी ठेवावी आणि तक्त्याची एक प्रत तिच्यात घालावी.