मम्मींसाठी केलेला एफो रिरो

गेल्या रविवारी मी पहिल्यांदा मम्मींसाठी एफो रिरो केला. मम्मी म्हणजे आमच्या शेजारच्या, अख्खी गल्ली त्यांना मम्मीच म्हणते, आणि आम्ही नायजेरियात लागोसला आल्यापासूनच्या सहा वर्षांत त्यांच्याकडून डबा आला नाही असा आठवडा क्वचितच गेला असेल. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ओट्याशी उभं राहवत नाही, मुलगी परदेशात, मग मी म्हटलं या वेळी त्यांचंच जेवण आपण करायचं. मला नाही का ताप उतरला की मऊ भात न् मेतकूटच लागतं, तसं त्यांना हे.

एफो म्हणजे पालेभाजी, रिरो म्हणजे ढवळलेली. इथल्या योरुबा लोकांच्या घरांमधलं हे लाडकं कालवण, पण रस फार नसतो, आणि नुसती भाजी म्हणावी तर आत मटण, धुरावलेला मासा, सुकी कोळंबी सगळंच असतं. यात जो पाला घालतात त्याला शोको म्हणतात. पहिल्या वर्षी मी मुशिनच्या बाजारातून तो आणला आणि व्हिडिओ कॉलवर निवडत बसले होते, तर आई एकदम म्हणाली, "अगं, ही तर कुरडू!" मी जुडी कॅमेऱ्याजवळ नेली, कोवळा शेंडा दाखवला, तरी ती कुरडूच म्हणत राहिली, आणि खरंच ती कुरडूच आहे, तीच वनस्पती. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर माळावर, बांधावर उगवणारी रानभाजी, इथे वाफे करून पिकवतात आणि जुड्या बांधून विकतात. लोक कौतुकाने शोको योकोतो म्हणतात, अर्थ सांगतात नवऱ्याला गुटगुटीत करणारी भाजी! दुसरी एफो तेते, ती आपल्या माठाच्या घरातली. त्या दिवसापासून मला हा पदार्थ परका वाटलाच नाही.

मिरच्या शनिवारीच आणल्या. तताशे म्हणजे मोठ्या लाल, रंगाला आणि गोडीला, आणि अता रोडो म्हणजे त्या छोट्या गुबगुबीत, वास घेतला तरी डोळ्यात पाणी. सहा जणांना चार तताशे, तीन रोडो, एक कांदा. लाइटचा भरवसा नाही म्हणून मिक्सरच्या नादी लागले नाही, बाजारातच इंजिनवर चालणाऱ्या गिरणीतून वाटून घेतल्या, तिथे असंच करतात बायका. घरी येऊन ते वाटण आधी नुसतं उकळायचं, पाणी आटून घट्ट होईपर्यंत. मम्मींनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच, की एफो रिरोत पाणी शत्रू. पाला पण गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकायचा आणि मग मुठीत धरून घट्ट पिळायचा, अगदी थेंब निघेनासा होईपर्यंत. सुरुवातीला माझा जीव होत नव्हता एवढा पिळायला, आणि भाजी पातळ व्हायची.

मग पातेल्यात एपो पुपा, लाल पामतेल. तापवायचं पण धूर येऊ द्यायचा नाही, नाहीतर तो सुंदर केशरी रंग जातो आणि भाजी उदास दिसते. त्यात उरलेला कांदा, आणि मग इरू. इरू म्हणजे एका झाडाच्या शेंगांमधल्या बिया उकडून आंबवलेल्या, वास म्हणाल तर सुकट भाजताना येतो ना तसा जबरदस्त, शेजारपाजारला कळतंच आज काय शिजतंय. पण इरू नसेल तर एफो रिरो करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, नुसतं स्टॉक क्यूब टाकून जो होतो त्यात जीव नसतो. नीट धुवून घ्या मात्र, कधीकधी खर लागते. त्यावर मिरचीचं वाटण, आणि परतायचं ते तेल सुटेपर्यंत, इथे आपली मटणाच्या रश्श्याची सवय अगदी कामाला येते. मग शिजवलेलं मटण, काटे काढलेला धुरावलेला मासा, कोळंबीची पूड, मीठ, आणि सगळ्यात शेवटी पाला मोकळा करून. ढवळायचं, झाकण ठेवायचं नाही, चारपाच मिनिटांत गॅस बंद.

सोबत भात करता आला असता, पण मम्मींना भाजलेलं आवडतं, म्हणून अंगणात कोळशाची शेगडी पेटवली. एक याम, आपल्या कोनफळाचा पांढरा भाऊबंद म्हणा, त्याचे सालासकट जाड तुकडे केले आणि मंद निखाऱ्यावर ठेवले. घाई केली की बाहेरून कोळसा आणि आत कच्चा, चाळीसेक मिनिटं फिरवत राहायचं आणि मग सुरीने काळं खरवडून काढायचं. आतून असा पांढराशुभ्र पिठूळ निघतो, वाफ येते, इशू सिसून म्हणतात त्याला. बाजूला बोली, म्हणजे भाजलेलं प्लांटेन, आपल्या राजेळी केळ्याच्या जातीचं. पिवळं झालेलं पण अजून कडक असं घ्यायचं, सोलून थेट जाळीवर. रस्त्यात बायका बोली भाजून भुईमुगाच्या दाण्यांबरोबर कागदात बांधून देतात, तसे दाणे मी पण ठेवले.

संध्याकाळी लाइट गेलेलीच होती. मम्मी काठी टेकत आल्या, त्यांची बहीण, दोन भाचे, आम्ही दोघं. बसतोय तोवर वॉचमनकाका दारात आले आणि मम्मी लगेच म्हणाल्या, "ए वा जेऊन!" म्हणजे या, जेवा. मराठी कानाला तर सरळ जेवूनच ऐकू येतं, आणि आपल्याकडे पण ताटावर असताना कोणी आलं की या जेवायला म्हटल्याशिवाय घास उतरतो का. त्यांनाही ताट वाढलं.

मम्मींनी यामचा तुकडा मोडला, भाजीत दाबला, खाल्ला. काही बोलल्या नाहीत. मी आपली बघत बसले. दुसरा घास घेतला आणि मग विचारलं, "इरू कुणाकडून आणलंस?" मी सांगितलं, तुम्हीच दाखवलेली ती कोपऱ्यावरची म्हातारी. मान हलवली त्यांनी. तेवढ्यात लाइट आली, गल्लीभर पोरांचं "अप नेपा!" सुरू झालं (नेपा म्हणजे इथली जुनी वीज कंपनी, लाइट आली की असंच ओरडतात), आणि त्या गोंधळात त्या मला जवळ ओढून कानात म्हणाल्या, "हे उद्या अजून चांगलं लागेल, माझी वाटी आत्ताच काढून ठेव, भाचे काही उरू देणार नाहीत."