टेकडीवरचे लोक

पुण्यात कोणी "सकाळी वर जाऊन येतो" म्हणालं की कुठे वर असं विचारायचं नसतं. पाषाण, गोखलेनगर, लॉ कॉलेज रोड, कोथरूड, कुठूनही चढा, शेवटी वेताळ टेकडीच. तळजाईवाले वेगळे, आणि पर्वतीवाले तर फारच वेगळे, त्यांना आपल्या पायऱ्यांचा जरा जास्तच अभिमान असतो, असो.

हल्ली ऑफिसात, सोसायटीत, सगळीकडे ते "निसर्गाशी नातं जोडूया" चालू असतं. टोप्या वाटतात, बॅनर लावतात, एक दिवसाचा नेचर वॉक आणि शेवटी पोहे. चांगलंच आहे, पोह्यांना कोण नको म्हणतंय. पण मला खरं सांगायचं तर टेकडीवर निसर्गासाठी आलेला माणूस क्वचितच भेटतो. येतात ते शुगर वाढली म्हणून, डॉक्टरांनी दम दिला म्हणून, गुडघे, रिटायरमेंट, घरात दोन तास शांतता मिळावी म्हणून (दोन्ही बाजूंना). झाडं, पक्षी वगैरे खूप नंतर येतं. आधी माणसं येतात.

आणि या माणसांची नावं कोणालाच माहीत नसतात ही एक मजा. लाल टोपीवाले काका, दोन कुत्रेवाल्या मॅडम, जोरात टाळ्या वाजवणारा ग्रुप. "काय, आज उशीर?" एवढ्यावर वर्षानुवर्षं ओळख चालते. पण लाल टोपी आठवडाभर दिसली नाही की सगळी टेकडी चौकशी करते आणि मग कळतं, मुलीकडे बंगलोरला गेलेत. तेही पत्ता कोणाला माहीत नसताना कळतं, कसं ते विचारू नका.

मे संपत आला होता, वर पावशा ओरडायला लागलेला. एक कॉलेजचा पोरगा खाणीपाशी फोन हवेत धरून उभा, त्याच्याकडे ते आवाजावरून पक्षी ओळखणारं अ‍ॅप होतं. बाजूने एक काका चालले होते, मूळचे बार्शीकडचे, बोलण्यावरून कळतंच. थांबले आणि म्हणाले, "अरे तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतोय, फोनला काय विचारतोस?" पोराने परत कान दिला आणि हसायलाच लागला, कारण एकदा ते शब्द सांगितले की दुसरं काही ऐकूच येत नाही. मग काका म्हणाले, "आता मी काय पेरू? जमीन भावाकडे, माझ्याकडे बाल्कनीत चार कुंड्या." त्यावर पोराने त्यांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलं आणि तिथेच चष्मा कपाळावर चढवून काकांची शिकवणी सुरू झाली. आता काका दिसेल त्याला थांबवून तांबट पक्षी ऐकवतात. आमच्या वॉकचा स्पीड निम्म्यावर आलाय.

बरं, टेकडी काही फक्त फिरायला येणाऱ्यांची नाही. पायथ्याच्या वस्तीतल्या बायका पलीकडे कामाला जाताना वरूनच जातात, त्यांच्यासाठी तो शॉर्टकट. आपण स्पोर्ट्स शूज घालून धापा टाकतो आणि त्या चपलेत, हातात डबा, गप्पा मारत पुढे निघून जातात. त्यातल्या एका मावशींनी मला दाखवलं होतं की गिरिपुष्पाच्या दाटीत पाखरं फारशी नसतात, जरा बाजूला मोई-सालईची इथलीच झाडं आहेत तिकडे बघा. फेब्रुवारीत तो गिरिपुष्प गुलाबी फुलांनी असा काही भरतो की सेल्फीवाल्यांची रांग लागते, पण झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून टेकड्यांवर भरमसाट लावलेलं. मावशींना मध्य अमेरिकेशी काही देणंघेणं नाही. त्यांचं निरीक्षण रोजच्या जाण्यायेण्यातलं, आणि कुठल्याही नेचर वॉकच्या पोस्टरवर त्यांना बोलावलेलं मी अजून बघितलेलं नाही, हे जरा खटकतंच.

तर ही अशी सगळी मंडळी. पण बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायची गोष्ट निघाली तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये भर उन्हाळ्यात जो मोर्चा निघाला त्यात हेच लोक होते, शुगरवाले, गुडघेवाले, कुत्रेवाले. बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) म्हणजे काय हे ज्यांना धड सांगता येत नव्हतं ते पण आले, कारण टेकडीवर रस्ता म्हणजे आपल्या सकाळीवर रस्ता, एवढं प्रत्येकाला कळत होतं.

झाडं लावायचं पण तसंच. जूनमध्ये लावणारे खूप, फोटोसकट. मार्चनंतर खरी परीक्षा, कारण वेताळ टेकडीवर बऱ्याच ठिकाणी माती जेमतेम वीतभर आणि खाली काळा बसाल्ट, लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा, त्याला आपल्या रोपाची काय पडलीये. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिलं तरच रोप तगतं. मग काय, दोन-दोन लिटरच्या बाटल्या, पाच लिटरचे कॅन, जे झेपेल ते घेऊन लोक चढतात. डॉक्टरने वजन उचलू नका सांगितलेले सगळ्यात पुढे.

आणि झाड एकदा आपलं झालं की भांडणं आलीच. सध्या वरच्या वळणावरच्या पंगाऱ्यावरून दोन ग्रुपमध्ये जुंपलीये. टाळ्यावाले म्हणतात आम्ही लावला, बाटलीवाले म्हणतात जगवला आम्ही. दोघंही एकमेकांना न सांगता रोज पाणी घालतात त्यामुळे बुंध्याशी कायम चिखल, आणि बार्शीवाले काका दोघांनाही ओरडतात की अहो, मुळं कुजतील त्याची, एक दिवसाआड घाला. कोणी ऐकत नाही. आता म्हणे वार वाटून घ्यायची मीटिंग आहे रविवारी, वरच, खाणीपाशी, आणि पोहे कोणी आणायचे यावरून ती आत्ताच अडलीये.