काळ्या पडद्याशेजारचं पुस्तक

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहायच्या असतात. मी मात्र शाळेकडे एक मागणं मांडतो : संगणक कक्षात लिनक्स या संगणकप्रणालीच्या कमांडचं (टाइप करून द्यायच्या आज्ञांचं) एक तरी छापील संदर्भपुस्तक असावं.

मॅन-पानं, म्हणजे कमांडची माहितीपानं, संगणकातच असतात, मग कागद कशाला? ती संगणकात असतात म्हणूनच. पावसाळ्यात लाइट झटक्यात जाते, फाइल सिस्टीम बिघडते आणि पुढच्या वेळी मशीन पूर्ण सुरू न होता ‘इनिटरॅमएफएस’ या प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांडची वाट पाहणाऱ्या काळ्या पडद्यावर, येऊन थांबतं. तिथे ही पानं दाखवणारी ‘मॅन’ कमांड चालत नाही. ‘बीएलकेआयडी’ने पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव शोधायचं, ‘एफएससीके -वाय’ पुढे ते नाव देऊन दुरुस्ती करायची, मग ‘एक्झिट’. एवढंच करायचं असतं, पण ते समोर कागदावर हवं. फोनवर बघू म्हणावं, तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ धडकल्यावर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत विजेबरोबर मोबाइलची रेंजही गेली होती.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. नेटवर शोधून सापडलेली कमांडची ओळ मुलं तशीच चिकटवतात. पुस्तकात मात्र तिच्या आजूबाजूचंही नजरेखालून जातं. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’चंच घ्या. ते अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. नावाची अट ‘-नेम’ आधी आणि पुसायला सांगणारं ‘-डिलीट’ शेवटी असेल तर त्या नावाच्याच फाइली जातात. क्रम उलटला तर नाव तपासण्याआधीच फाइल पुसली जाते आणि अख्खा फोल्डर रिकामा होतो. म्हणून आधी ‘-डिलीट’च्या जागी ‘-प्रिंट’ लिहून यादी पाहावी. तसंच ठरल्या वेळी कामं करवणाऱ्या क्रॉनटॅबचं : मॅन-पानांच्या विभाग १ मध्ये कमांड, तर वेळापत्रकाची ओळ कशी लिहायची ते विभाग ५ मध्ये. ही विभागवार मांडणी १९७१ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी काढलेल्या युनिक्सच्या (लिनक्स जिच्या धर्तीवर आहे त्या प्रणालीच्या) पहिल्या मॅन्युअलपासूनची आहे. ज्ञात दोष सांगणारा ‘बग्ज’ हा मथळाही त्यात होता. तो जरूर वाचावा.

पुस्तक घेताना मागची सूची आधी बघा. ती तोकडी असेल तर पुस्तक ठेवून द्या. नेटवर्कच्या प्रकरणात नुसती जुनी ‘आयएफकॉन्फिग’ कमांड असेल, तिच्या जागी आलेली ‘आयपी’ नसेल, तर ते प्रकरण जुनं झालं. ग्रेप, सेड, टार या कमांड मात्र जुन्या पुस्तकातूनही शिकता येतात. पैसे नसतील तर ‘मॅन -टी’चं आउटपुट छपाईच्या ‘एलपीआर’ कमांडला पाइप करून (थेट पोचवून) नेहमीच्या दहाबारा कमांड छापून घ्याव्यात. कमांड चालवणाऱ्या बॅशचं पान छापू नये, ते फार लांब आहे.

बांधणी प्लॅस्टिकच्या स्पायरलची घ्या. पुस्तक कीबोर्डशेजारी सपाट उघडं राहतं. लोखंडी स्पायरल आपल्या खाऱ्या हवेत गंजतो आणि डिंकाची बांधणी सुटते. कपाट ओल धरणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे असावं. पावसाळ्यात पानं सादळतात, म्हणून ऑक्टोबरात पुस्तकं सावलीत उघडून वारा द्यावा. शेवटच्या कोऱ्या पानावर कक्षातल्या प्रत्येक मशीनच्या पार्टिशनची नावं लिहून ठेवा, आणि ती पेन्सिलीनेच, शाई फुटते.