भंगारातला एनपोर्ट आणि हॉलमधला यूपीएस

आमच्या ऐरोलीच्या घरात टीव्हीखाली एक जुना यूपीएस आहे, राउटर आणि फायबरचा डबा त्याच्यावर चालतो, आणि त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट आहे ज्याला घेतल्यापासून कुणी हात लावला नव्हता. मला बरेच दिवस वाटत होतं की लाइट गेल्यावर बॅटरी किती उरली हे कॉम्प्युटरवर दिसावं. पण कॉम्प्युटर आतल्या खोलीत. तेवढी लांब सिरीयलची वायर हॉलमधून ओढली असती तर आईने वायरसकट मला बाहेर काढलं असतं, आणि तसंही आरएस-२३२ चा, म्हणजे ह्या सिरीयल पोर्टच्या स्टँडर्डचा, पन्नास फुटांच्या पुढे फारसा भरवसा नाही. लॅनचा पॉइंट मात्र टीव्हीमागे आहेच. म्हणजे मधे असा डबा हवा ज्याच्या एका बाजूला सिरीयल आणि दुसऱ्या बाजूला लॅन.

ह्याला डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. कारखान्यांच्या पॅनेलमध्ये असले डबे ढिगाने असतात, आणि रबाळे-महापे पट्ट्यात कारखाने काय कमी आहेत का, एखादं युनिट बंद झालं की पॅनेलमधलं सगळं सामान भंगारात. तिथेच मला मॉक्सा कंपनीचा एनपोर्ट ५११० हा डिव्हाइस सर्व्हर मिळाला, अडॅप्टर नाही, वर मार्करने ‘पॅकिंग २’ लिहिलेलं. भंगारवाला म्हणाला, “घ्या ना साहेब, राउटर आहे, वायफाय पण मारतो.” मारत असेल तर चांगलंच आहे म्हटलं, दोनशेला द्या.

आता काही लोक लगेच म्हणतील, एवढं कशाला, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घे, यूएसबी-सिरीयल लाव, काम झालं. होतं ना काम, पण मग एसडी कार्ड, अपडेट, आणि वर्षभराने कार्ड मेलं की परत सगळं पहिल्यापासून. हा डबा चालू केला की थोड्या वेळात तयार, त्याच्यात मरण्यासारखं काही नाही, आणि तो एकच काम करतो, सिरीयलवर आलेले बाइट लॅनवर टाकायचे आणि लॅनवरचे सिरीयलवर. मला असली मठ्ठ यंत्रं आवडतात.

पॉवरला १२ ते ४८ व्होल्ट डीसी चालतं त्याला, म्हणजे जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बसतो, फक्त पिनेची पोलॅरिटी लेबलवर बघून घ्या. आयपी आधीच्या मालकाने काय ठेवलाय ते कळायला मार्ग नाही, म्हणून सरळ रीसेट. पिन घालून बटण पाच सेकंद दाबून धरायचं, रेडीचा लाइट लुकलुकतो, तो थांबला की सोडायचं. मग डबा १९२.१६८.१२७.२५४ वर येतो. आपल्या घरचं नेटवर्क बहुतेक १९२.१६८.१ वालं असतं, त्यामुळे तो राउटरच्या यादीत दिसत नाही आणि माणसाला वाटतं मेलेला आहे. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१२७.१ द्यायचा, केबल थेट लावायची, ब्राउझर उघडायचा, आणि आत गेल्यावर घरच्या रेंजमधला एखादा फिक्स आयपी देऊन टाकायचा. एवढंच.

खरी मजा सिरीयलच्या पानावर आहे. रीसेटनंतर त्याचं सेटिंग असतं ११५२०० चा स्पीड, आठ बिट, नो पॅरिटी, एक स्टॉप, आणि फ्लो कंट्रोल आरटीएस/सीटीएस, म्हणजे समोरच्याने वेगळ्या वायरवर ‘पाठव’ म्हटलं तरच बाइट सोडायचे. हे शेवटचं नीट बघा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू आणि समोरच्या वस्तूला सीटीएसची वायरच नाही, तर डबा परवानगीची वाट बघत बसतो, एक बाइट बाहेर सोडत नाही, एरर पण देत नाही, वरून सगळे लाइट छान हिरवे. ते ‘नन’ करायचं. स्पीड माझ्या यूपीएसला २४०० लागतो, कारण तो मेगाटेकचा जुना प्रोटोकॉल बोलतो, आपल्याकडच्या बऱ्याच लोकल यूपीएसमध्ये तोच असतो. मोड टीसीपी सर्व्हर, म्हणजे डबा वाट बघतो आणि कॉम्प्युटर लॅनवरून त्याला कनेक्ट करतो, पोर्ट ४००१.

यूपीएस लावायच्या आधी डबा एकटा तपासून घ्यावा असं माझं मत आहे, नाहीतर नंतर दोष कोणाचा ते कळत नाही. डब्याच्या सिरीयल पोर्टची दोन नंबरची आणि तीन नंबरची पिन छोट्या वायरने एकमेकींना जोडायची (ह्याला लूपबॅक म्हणतात), ४००१ ला कनेक्ट करायचं आणि टाइप करायचं. अक्षर परत आलं तर लॅनपासून पिनेपर्यंत सगळं ठीक, पुढचा घोळ केबलचा किंवा यूपीएसचा. एनपोर्टचा पोर्ट कॉम्प्युटरसारखाच वायर केलेला आहे, त्यामुळे यूपीएसची स्वतःची केबल तशीच बसते, क्रॉस वगैरे करायची गरज नाही.

मग पायथनमध्ये सॉकेट उघडून ‘क्यू१’ आणि एक कॅरेज रिटर्न (एंटरचं अक्षर) पाठवला. उत्तर आलं ते असं:

(२३४.० २३४.० २३२.० ०१९ ५०.१ १३.६ ३४.० ००००१००१

पहिला आकडा आत येणारं व्होल्टेज, दुसरा फॉल्टच्या वेळचं, तिसरा बाहेर जाणारं, मग लोड टक्क्यांत, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान. ऑनलाइन प्रकारच्या यूपीएसमध्ये (ज्यात वीज कायम इन्व्हर्टरमधून जाते) बॅटरीचा आकडा एका सेलचा येतो, सव्वादोनच्या आसपास, तो बघून बॅटरी गेली असं समजू नका. शेवटचे आठ बिट मला सगळ्यात आवडले. पहिला बिट म्हणजे लाइट गेली का, दुसरा बॅटरी लो, आणि अगदी शेवटचा बीपर चालू आहे का. भिंतीवरचं बटण बंद केलं तर पहिल्या शून्याचा एक झाला, आतलं व्होल्टेज शून्य, बॅटरी १३.६ वरून सरळ १२.४ ला उतरली आणि पुढे दशांश दशांश करत खाली जायला लागली. तेवढ्यात आतून आई, “अरे पीं पीं काय चाललंय, झोपू दे की!” त्यावरही इलाज ह्याच प्रोटोकॉलमध्ये आहे, नुसता ‘क्यू’ पाठवला की बीपर गप्प होतो. आईच्या मते ह्या सगळ्या खटाटोपातलं एवढंच कामाचं आहे.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. साध्या टीसीपीतून फक्त बाइट जातात, डीटीआर आणि आरटीएसच्या लाइन, म्हणजे सिरीयलमधल्या इशाऱ्याच्या वेगळ्या वायरी, जात नाहीत. स्वस्तातल्या यूपीएसचं सिरीयल सर्किट बऱ्याचदा ह्याच लाइनींवर पॉवर घेतं, डीटीआर वर आणि आरटीएस खाली अशी त्याची अपेक्षा असते. माझा यूपीएस दोन्ही वर असल्या तरी बोलतो, मी मल्टीमीटर लावून बघितलं. पण तुमचा नुसता गप्प बसला, लूपबॅक मात्र चालतंय, तर आधी पिन चार आणि सातवर पाचच्या तुलनेत व्होल्टेज बघा, प्लस तीनच्या वर म्हणजे लाइन वर, मायनस तीनच्या खाली म्हणजे लाइन खाली. लाइनींचा कंट्रोल नेटवर्कवरूनच हवा असेल तर मॉक्साचा रिअल कॉमचा ड्रायव्हर (डबा कॉम्प्युटरला स्वतःच्या सिरीयल पोर्टसारखा दाखवणारा) किंवा आरएफसी २२१७ वापरावं लागतं, ह्यातला दुसरा १९९७ चा प्रोटोकॉल आहे आणि पायथनच्या पायसिरीयल लायब्ररीला तो येतो.

दुसरी अडचण लॅपटॉपच्या झोपेची. एनपोर्ट मुळात एकच कनेक्शन घेतो. लॅपटॉप झाकला की डब्याच्या बाजूने कनेक्शन अर्धवट लटकतं आणि अलाइव्ह चेकची (समोरचा अजून आहे का ह्या तपासणीची) सात मिनिटं होईपर्यंत डबा दुसऱ्या कुणाला आत घेत नाही. मी ती वेळ एक मिनिटावर आणली आणि स्क्रिप्ट कायम चालू असणाऱ्या डेस्कटॉपवर टाकली. डब्याचा अडॅप्टर आणि मधला स्विच दोन्ही यूपीएसवरच घेतलेत, नाहीतर लाइट गेल्यावर लाइट गेल्याची बातमी द्यायलाच कोणी नाही.

आणि हा पोर्ट राउटरमधून बाहेर उघडू नका, ऑफिसातून बघायचंय वगैरे कितीही वाटलं तरी. ४००१ ला पासवर्ड नाही, आणि ‘एस’ची कमांड यूपीएस बंद करते. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला तेव्हा सबस्टेशनमधल्या अशाच सिरीयल-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर हल्लेखोरांनी खराब केलं होतं, मग ब्रेकर लांबून चालेनात आणि माणसं पाठवून हाताने चालू करावे लागले. घरात निदान ॲक्सेसिबल आयपीची यादी भरून ठेवा, म्हणजे एकाच मशीनला तिथे जाता येईल.

हे सगळं काकांना कळलं. त्यांचा वाशी मार्केटला गाळा आहे, आणि त्यांना आता खालच्या वजनकाट्याचा आकडा वर ऑफिसात हवाय. काट्यालाही बहुतेक सिरीयल असणार, पण स्पीड आणि डेटा कसा येतो ते कळल्याशिवाय काही बोलता येत नाही, म्हणून काट्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो मागवला. काकांनी समोरून काढून पाठवलाय, वर कांद्याच्या गोणीसकट.