सांबरा ते सिडनी : अडीचपटीचा हिशोब

बेळगावच्या सांबरा विमानतळाहून दुपारी इंडिगोचं विमान बेंगळुरूला उतरतं ते टर्मिनल १ वर. सिंगापूर एअरलाइन्सचं रात्रीचं विमान सुटतं टर्मिनल २ वरून. हातात सिडनीपर्यंतचं बिझनेस क्लासचं तिकीट असलं तरी या दोन टर्मिनलांच्या मधला प्रवासी कुणाचाच नसतो, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त खटकला तो हाच तुकडा. तिकिटं दोन, पीएनआर म्हणजे आरक्षणाचे क्रमांक दोन, म्हणून बॅग सांबऱ्यावरून थेट सिंगापूरला लागत नाही. पट्ट्यावरून ती उतरवून घ्यायची, बाहेर यायचं, फुकटच्या शटल बसने टर्मिनल २ गाठायचं आणि रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं. सिंगापूरच्या विमानाचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग खाली आले आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही, नवीन तिकीटही देत नाही. पुढचा एक टप्पा चुकला की परतीसकट उरलेलं सगळं तिकीट रद्द होऊ शकतं. दोन विमानांत सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. जून ते सप्टेंबर आदल्या रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस मला जास्त भरवशाची वाटते. सकाळी बेंगळुरूत उतरलं की विमानतळाला लागेल तेवढा वेळ लागू दे, दिवस हाताशी असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेतल्या एलिट गोल्ड या दर्जासाठी. सलग १२ महिन्यांत ५०,००० एलिट मैल, म्हणजे दर्जा ठरवणारे मैल, जमले की ते मिळतं. त्यातून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्डही आपोआप येतं. मग इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी अलायन्सच्या विमानावर एका सोबत्यासह लाउंज, वेगळा काउंटर आणि २० किलो जादा सामान किंवा एक जादा बॅग. मुलं परदेशात आहेत अशा बेळगाव-निपाणीकडच्या आईवडिलांना लाउंजपेक्षा त्या २० किलोंचं मोल अधिक.

हे मैल तिकिटाच्या किमतीवर मिळत नाहीत. अंतर गुणिले भाड्याच्या प्रकाराची टक्केवारी, असा हिशोब आहे. इकॉनॉमी लाइटला, म्हणजे इकॉनॉमीतल्या स्वस्त भाड्याला, अंतराच्या ५० टक्के, सवलतीच्या बिझनेसला १२५ टक्के. म्हणजे त्याच मार्गावर बिझनेस अडीचपट मैल देतं. सेलमधलं बिझनेसचं भाडं इकॉनॉमी लाइटच्या अडीचपटीखाली आलं, तर मैलामागे बिझनेसच स्वस्त पडतं आणि झोपायला सपाट बिछाना वर मिळतो. समजा लाइटचं भाडं ६०,००० रुपये आहे. तर दीड लाखाच्या आत बिझनेस घ्यावं, वर गेलं तर सोडून द्यावं. ही तुलना कर धरूनच करायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि बिझनेसवर १८ टक्के जीएसटी आहे. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा अडीचपटीच्या आत असतो आणि पैसे भरायच्या पानावर तो बाहेर गेलेला असतो.

बेंगळुरू ते सिंगापूर सुमारे १,९७० मैल, सिंगापूर ते सिडनी सुमारे ३,९१०. जाऊन-येऊन ११,७६०, सव्वापट केले की १४,७००. अशा तीन खेपा म्हणजे ४४,१००. उरतात ५,९००, आणि फसगत होते ती इथे. चौथी खेप बेंगळुरू-सिंगापूर-बेंगळुरू बिझनेसने केली तर ४,९२५ मैल मिळतात आणि बेरीज ४९,०२५ वर अडकते. तीच खेप मुंबईहून करावी. मुंबई-सिंगापूर अंतर २,४३० च्या आसपास आहे, त्यामुळे ६,०७५ मिळून ५०,१७५ होतात. काठावरचा आकडा आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी कंपनीच्याच मैल-गणकावर चारही खेपा तपासाव्यात. आणि चौथी खेपसुद्धा सिडनीचीच करून ५८,८०० जमवण्यात अर्थ नाही, दर्जा मिळताच वरचे एलिट मैल पुढच्या वर्षाच्या कामी येत नाहीत.

सिंगापूरला विमान बदललं, सिडनीला दोन दिवस राहिलो. सिडनीविषयी इथे एकच गोष्ट सांगतो : कुंदा नेऊ नका. भारतातले दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत, आणि उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याचं काहीही लपवलं तर दंड होतो. व्हिसाची फीसुद्धा मैलांच्या हिशोबात धरावी. तीन खेपा करायच्या तर पहिल्याच वेळी अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला आहे का ते पाहून मगच पुढची तिकिटं काढावीत.

मैल जमा होताना घोटाळे होतात ते बारीक गोष्टींत. एका प्रवासाचे मैल एकाच योजनेत जातात. तिकीट काढताना सवयीने एअर इंडियाचा सभासद क्रमांक घातला की ते तिकडे गेले. बोली लावून बिझनेसमध्ये जागा मिळवली तर बहुतेक कंपन्या मैल मूळ इकॉनॉमी भाड्याचेच देतात. तिकिटावर भाड्याच्या वर्गाचं एक अक्षर असतं, भाड्याचा प्रकार त्यावर ठरतो आणि त्याच अक्षराची टक्केवारी कंपनीच्या तक्त्यात पाहायची. बोर्डिंग पास मैल खात्यात दिसेपर्यंत जपून ठेवावा. दिसले नाहीत तर मागून मागता येतात, पण मुदतीत.

खडेबाजारातला तिकीटवाला विचारतो, “स्टार एअर म्हंजे तुमच्या स्टार अलायन्सवालंच न्हवं काय?” न्हवं. सांबऱ्याहून उडणारं स्टार एअर आणि स्टार अलायन्स यांचा नावापलीकडे संबंध नाही. इंडिगोही कुठल्या अलायन्समध्ये नाही. त्यामुळे बेळगाव सोडताना आणि बेळगावला परतताना एलिट मैल शून्य, गोल्ड कार्डाचा उपयोग शून्य, जादा बॅगेचे पैसे मात्र पूर्ण. सिंगापूरहून ४० किलो घेऊन आलेला माणूस बेंगळुरूत उतरला की पुढच्या विमानाच्या १५ किलोंत बसत नाही. सीमाभागातल्या माणसाचा मैलामागचा दर मुंबईकरापेक्षा वर जातो तो यामुळे, आणि अडीचपटीचं गणित मांडताना तीन खेपांना सांबरा-बेंगळुरूचं, चौथीला बेळगाव-मुंबईचं भाडं आणि जादा सामानाचं शुल्क धरायलाच हवं.

एअर इंडियाने २०२४ मध्ये अंतर सोडून खर्चावर गुण द्यायला सुरुवात केली, ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून तेच केलं. खर्चावर चालणाऱ्या योजनेत सवलतीचं बिझनेस घेण्यात काही हशील नाही, कारण स्वस्त तिकीट म्हणजे कमी गुण. क्रिसफ्लायरचेही नियम असेच बदलू शकतात, म्हणून वर्षभराच्या चार खेपा एकदम काढून ठेवू नयेत. दोन काढाव्यात, त्यांचे मैल खात्यात आले की योजनेचे नियम पुन्हा वाचावेत आणि मग तिसरीचे पैसे भरावेत.