त्या दिवसभर नेमके काय करीत असत?

अभ्यासाचे वेड असलेल्या मुलीला वाचायला काय द्यावे, असे कुणी विचारले की आपल्याकडे पहिले नाव डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निघते. ते योग्यच आहे. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांत, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, पुढे श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने हे आयुष्य घराघरांत नेले. गोपाळरावांचा हट्ट, त्यांनी केलेली मारहाण, बोटीचा प्रवास, फिलाडेल्फियाची थंडी आणि बाविशीही न गाठता आलेला मृत्यू हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. मात्र १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी लिहिलेला प्रबंध प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता, हे किती वाचकांना सांगता येईल? ज्या विषयासाठी ही मुलगी सातासमुद्रापार गेली, तो विषय आपल्या आठवणीतून गळून पडला आहे आणि तिने सोसलेले हाल तेवढे उरले आहेत.

ही खोच मला माझ्या भाचीमुळे लागली. ती आठवीत आहे आणि तिला पक्ष्यांचे वेड आहे. थंडीत नांदूर मध्यमेश्वरला गेलो की इतर मंडळी चक्रवाकांची छायाचित्रे काढून निफाडच्या रस्त्यावर मिसळ कुठे चांगली मिळेल याची चर्चा सुरू करतात. ही मात्र चौकटीच्या वहीत रकाने पाडून वारकरी किती, हळदी-कुंकू बदके किती, पाणी कुठवर ओसरले आहे, ऊन कोणत्या बाजूने आहे, हे लिहीत बसते आणि ज्या पक्ष्याची ओळख पटत नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवते. वर्गात तिला पुस्तकी किडा म्हणतात आणि तिला ते बिरुद बरेच आवडते. तिला मी हौसेने स्त्री-शास्त्रज्ञांची छोटी छोटी चरित्रे आणून दिली. ती सगळी वाचून झाल्यावर तिने विचारले, ‘‘मावशी, त्यांना काय काय सोसावे लागले ते कळले. पण त्या दिवसभर नेमके काय करीत असत?’’

या प्रश्नाच्या कसोटीला आपली फार थोडी पुस्तके उतरतात. बालसाहित्यात तर आनंदच आहे: फास्टर फेणे, गोट्या, बोक्या सातबंडे ही सारी मुलगेच, आणि उचापती करण्याचा मक्ताही त्यांचाच. मुलींच्या वाट्याला प्रेरणादायी चरित्रे येतात, आणि त्यांतला बराचसा मजकूर बंद दारांविषयी असतो. दार उघडून ती बाई आत गेली की लेखकाचा उत्साह संपतो.

याला सणसणीत अपवाद म्हणजे वीणा गवाणकर. ‘एक होता कार्व्हर’मुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण आमच्या घरात जास्त हाताळले गेले ते त्यांचे ‘लीझ माइट्नर’, म्हणजे एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंचे चरित्र. माइट्नर १९०७ मध्ये व्हिएन्नाहून बर्लिनला आल्या, तेव्हा तेथील रसायनशास्त्राच्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून तळघरातील जुन्या सुतारकामाच्या खोलीत त्यांनी ऑटो हान यांच्याबरोबर किरणोत्सारावर काम सुरू केले. एवढ्यावर थांबले तर हेही बंद दाराचेच चरित्र झाले असते. परंतु या आयुष्यातला कळसाचा क्षण कुणाच्या अन्यायाचा वा दयेचा नसून आकडेमोडीचा आहे. १९३८ चा नाताळ. नाझी जर्मनीतून निसटून आलेल्या माइट्नर स्वीडनमधील एका लहान गावात आपल्या भाच्याबरोबर, ऑटो फ्रिश यांच्याबरोबर, बर्फातून फिरायला निघाल्या आहेत. हान यांचे पत्र आले आहे की युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडत आहे, आणि हे कसे शक्य आहे ते कळत नाही. मावशी आणि भाचा एका ओंडक्यावर बसतात, कागदाचे कपटे काढतात आणि हिशेब मांडतात: अणुकेंद्र पाण्याच्या थेंबासारखे ताणले जाऊन दुभंगले, तर दोन्ही तुकडे एकमेकांना दूर लोटतील आणि त्यांना सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा मिळेल. ती येईल कुठून? दोन तुकड्यांचे वस्तुमान मूळ केंद्रापेक्षा प्रोटॉनच्या साधारण एक पंचमांशाने कमी भरते, आणि आइन्स्टाइनच्या सूत्रात ते घातले की नेमकी तेवढीच ऊर्जा निघते. भाचीने हा भाग मला दोनदा वाचून दाखवला. त्या हिशेबात मावशी-भाचा आहेत, याचाही तिला विशेष आनंद झाला असावा. नोबेल एकट्या हान यांना मिळाले, याचा तिला रागही आला, पण तो नंतर.

जैवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्याबाबतीत आपण नेमके उलटे करतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी १९३३ मध्ये त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या अडून बसल्यावर, वर्षभर काम पाहून मगच प्रवेश नियमित करण्याची अट घातली, हा प्रसंग प्रत्येक महिला दिनाला फिरत असतो. केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करून वनस्पतींच्या पेशींतही श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन असते, असे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, हे मात्र एका वाक्यात उरकले जाते. पुढे भारतात येऊन नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी जे संशोधन केले, ते तर बहुधा तळटीपेत जाते. एका बटाट्यापासून पीएच.डी.पर्यंत कसे पोचता येते, हे सांगणारी पन्नास पाने कुणी लिहिली, तर त्या पुस्तकाच्या पाच प्रती मीच घेईन.

चरित्रकारावर विसंबायचे नसेल तर त्या बाईनेच लिहिलेले वाचावे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख मी भाचीला वाचायला दिला, तेव्हा तिच्या आईने ‘वारीचे वर्णन मुलीला काय कळणार’ म्हणून नाक मुरडले होते. पण इरावतीबाई दिंडीबरोबर चालताना भाविकही असतात आणि मानववंशशास्त्रज्ञही. अभंग म्हणता म्हणता त्यांचे लक्ष असते ते एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा स्त्रिया जेवायला वेगवेगळ्या बसतात याकडे. ज्या देशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्या त्यांना चालता चालता सुचते. निरीक्षणाची सवय असलेले मन कसे चालते, हे इतक्या जवळून मराठीत फार ठिकाणी दिसत नाही.

‘लीलावती’चे काय करावे, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. भास्कराचार्यांचा हा गणितग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख नाशिकच्या शेजारच्या चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. वेळ मोजण्याच्या घटिकापात्रात मोती पडून भास्कराचार्यांच्या मुलीचा, लीलावतीचा, विवाहमुहूर्त टळला, ही कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून आली, आणि ज्या मुलीला उद्देशून गणिते घातली, ती लग्न न झालेली मुलगी म्हणून प्रसिद्ध झाली. मी ती कथा भाचीला सांगितलीच नाही. थेट भुंग्यांचे उदाहरण दिले. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीवर गेले, एकंदर थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि रात्री कमळात अडकून गुणगुणणारा एक भुंगा व त्याला बाहेरून साद घालणारी भुंगी एवढी दोनच उरली. समीकरण न मांडता तिने बोटांवर सुरुवात केली: संख्येला नवाने भाग जायला हवा आणि तिची निमपट पूर्ण वर्ग हवी, म्हणून आधी अठरा. तीन, सोळा आणि दोन मिळून एकवीस झाले, म्हणजे बाद. पुढची बहात्तर, सहा, चौसष्ट आणि दोन. बरोबर. त्यानंतर भुंग्याला गणतीत धरायचे की तो अडकला म्हणून सोडायचा, यावर तिने थोडा वाद घातला.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकला चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, तरी विज्ञानलेखकाला तो मान मिळाला याचे आम्हां नाशिककरांना कौतुक होते. त्यांच्या घरातल्या दुसऱ्या गणितज्ञ, डॉ. मंगला नारळीकर, मुली वाढवून १९८१ मध्ये पीएच.डी. झाल्या. त्यांचे ‘गणितगप्पा’ हे पुस्तक त्यांच्या संघर्षाविषयी चकार शब्द न काढता फक्त गणिताच्या गमतीत रमते, आणि म्हणूनच ते मला या यादीत हवे आहे. ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे म्हणायला सुचवणाऱ्या, त्यांच्याच समितीने केलेल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून २०१९ मध्ये जो गदारोळ झाला, त्यात भाग घेणाऱ्या किती जणांनी ‘गणितगप्पा’ वाचले होते, कोण जाणे.

सध्या भाचीच्या हातात गवाणकरांचेच ‘रोझलिंड फ्रँकलिन’, म्हणजे डीएनएची क्ष-किरण छायाचित्रे घेणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचे चरित्र आहे, आणि स्फटिकावर क्ष-किरण टाकून रेणूची रचना कशी ओळखतात, या प्रश्नाशी गाडी अडली आहे. ग्रंथालयांत चरित्रे एका दालनात आणि भौतिकशास्त्र दुसऱ्या दालनात असते, त्यामुळे मध्ये जिना चढावा लागतो आणि दोन वेगळ्या चिठ्ठ्या भराव्या लागतात. ‘लीझ माइट्नर’ची निदान एक प्रत भौतिकशास्त्राच्या कपाटात, ‘लीलावती’चे भाषांतर दहावीच्या गणिताशेजारी आणि इरावतीबाईंचे लेख समाजशास्त्रात ठेवावेत, असा अर्ज मी आमच्या ग्रंथपालांकडे दिला आहे.